खडपाचा नवस

हिराजी नाखव्याला हळू बोलता येत नसे. सगळं आयुष्य एका होडीवरून दुसऱ्या होडीवर ओरडून बोलण्यात गेलेलं. जमिनीवर आला तरी समोरचा माणूस वाऱ्यापलीकडे उभा आहे असंच तो धरून चालायचा. एकदा त्यानं ‘बाय, एक खासगी सांगतो’ म्हणून मला बाजूला घेतलं, आणि ती खासगी गोष्ट, म्हणजे धाकट्या सुनेला दिवस गेल्याची, बर्फाच्या कारखान्यातल्या माणसांनीही ऐकली. संध्याकाळी सून त्याच्याशी बोलेना. मी तर कानात सांगितलं होतं, असं तो खरोखरच नवल वाटून सगळ्यांना सांगत होता.

अशा माणसानं एक गुपित काही वर्षं पोटात ठेवलं. मला त्याबद्दलच लिहायचं आहे. त्या सगळ्याचा राग माझ्या मनात अजून आहे, आणि तो नक्की कोणावर आहे हे मला आजही ठरवता येत नाही.

अंधेरी स्टेशनवरून सुटणारी बस जिथे संपते, तिथल्या कोळीवाड्यात मच्छीमारांची एक सोसायटी होती. तिच्या ऑफिसात मी क्लार्क होते. गिरण्यांचा संप चालू होता, थोरला भाऊ घरी बसला होता, आणि मी नुकतीच बी.कॉम. झाले होते, मिळेल ती नोकरी धरायची होती. घाटकोपरहून दोन बस बदलून जायची. आम्ही मूळचे जालन्याकडचे. समुद्र मी पाहिला होता तो दादरला चैत्यभूमीवर जाताना, आणि मासळी म्हणजे आमच्या घरी सुका बोंबील. पहिले आठ दिवस मी नाकाला रुमाल लावून डिझेलच्या पावत्या फाडल्या. नाखवा सोसायटीचा चेअरमन होता. तो म्हणाला, रुमाल काढ बाय, वास सवयीनं जातो, रुमालानं नाय जात. ते मात्र खरं निघालं.

नाखवा म्हणजे बोटीचा मालक, आणि तिथे गल्लीगल्लीत नाखवे होते. सगळेच एकमेकांना अरेतुरे करत. मी सुरुवातीला याला ‘अहो नाखवा’ म्हटलं, तर तो मागे वळून कोण आलंय ते बघायला लागला. म्हणून इथेही मी त्याच्याबद्दल एकेरीच लिहिते. ठेंगणा, पांढऱ्या मिशांचा, वर टेरिलिनचा बुशशर्ट आणि खाली कोळ्यांचा तो तिकोनी रुमाल. चष्म्याच्या काड्या जाळ्याच्या दोऱ्यानं डोक्यामागे बांधलेल्या. बोलत असताना हातांना स्वस्थ बसवत नसे; जी दोरी सापडेल तिला जाळ्याची गाठ मारायची. टेलिफोनची वायर, पंख्याची दोरी, माझ्या डब्याच्या पिशवीचे बंद. मी घरी जाऊन पिशवी सोडवत बसे आणि आई विचारी, ऑफिसात काय करता गं तुम्ही? वाद घालायच्या आधी तो नेहमी ‘मना काय, मी चाललो’ म्हणायचा आणि मग दोन तास हलायचा नाही.

बाकीच्या नाखव्यांपासून त्याला वेगळा ओळखायचा म्हणून गावात त्याला माकूल नाखवा म्हणत. ते नाव आधी टिंगलीचं होतं. माकूल म्हणजे ते पांढरं, बुळबुळीत, बिनकाट्याचं जनावर, तोंडापाशी दहा सोंडा आणि पोटात शाईची पिशवी. पूर्वी ते जाळ्यात आलं तर गळाला लावायला ठेवत, नाहीतर परत समुद्रात फेकून देत. पापलेट, घोळ, सुरमई सोडून माकुलं कोण विकत घेणार? पण परदेशी माल पाठवणाऱ्या एका कंपनीचा एजंट बंदरात फिरत होता, आणि त्याचं बोलणं ऐकून घेणारा पहिला माणूस हिराजी. यानं माकुलं बर्फात घालून ठेवली तेव्हा लोक हसले. पुढच्या हंगामात तेच लोक त्याच्या दारात उभे होते. मग त्यानं कोणाकोणाला नाही शिकवलं? खडपाच्या कडेला माकूल कधी येतं, जाळ्याची आस, म्हणजे विणीतली भोकं, किती बारीक हवी, बायकांनी शाईची पिशवी न फोडता ते साफ कसं करायचं. आमचं खडप म्हणजे किनाऱ्यापासून थोडं आत, पाण्याखाली असलेला खडकाळ पट्टा. गावाची माकुलं तिथून यायची.

मलाही त्यानं माकूल खायला शिकवलं. ऑफिसात स्टोव्ह होता चहाचा. त्यावर एक दिवस तवा ठेवून स्वतः करायला बसला. मी म्हटलं, नीट शिजू दे, मला कच्चं जाणार नाही. माझ्या भीतीपायी त्यानं ते दहा मिनिटं तव्यावर ठेवलं. मी चावत बसले, चावत बसले, टपालवाला येऊन गेला तरी चावतच होते. मग त्यानं दुसरं घेतलं, लसूण-मिरचीवर टाकलं आणि मी हो-नाही म्हणायच्या आत उतरवलं. इतकं कोवळं मी काही खाल्लं नव्हतं. त्याचं म्हणणं, याचं सगळंच लवकर असतं. शिजतं लवकर, वाढतं लवकर, मरतं लवकर. ते तेव्हा तो सहज बोलला होता.

मरतं लवकर म्हणजे किती लवकर, हे त्याला मेनन साहेबांनी सांगितलं. मेनन मासळीचा अभ्यास करणारे सरकारी साहेब; हातात फूटपट्टी घेऊन बंदरावर उकिडवे बसत आणि माकुलं मोजत. त्यांचं मराठी हिंदीतून यायचं आणि हिंदी मल्याळीतून. बायका त्यांची चेष्टा करत, साहेब शर्ट शिवतोय का माकलाला म्हणून विचारत. नाखव्याचं आणि त्यांचं आधी भांडण झालं, मग गट्टी जमली. पावसाळ्यानंतरच्या एका दिवशी मेनन बरणीत काहीतरी घेऊन ऑफिसात आले. पाण्यात पांढऱ्या, बोटाएवढ्या, थुलथुलीत कळ्यांचा झुबका होता. जाईचा गजरा पाण्यात सोडावा तसा. ही माकुलाची अंडी. मादी खडपाच्या कडेला ती चिकटवते आणि मरते. नरही मरतो. वर्षभराचं आयुष्य. म्हणजे यंदाचं माकूल पुढच्या वर्षी समुद्रात नसतंच. पुढच्या वर्षी असतात ती यांची पोरं. अंडीच जाळ्यानं खरवडून काढली तर पुढच्या वर्षी कोण येणार?

नाखव्यानं बरणी उजेडाकडे धरली. भिंग मागितलं. आतल्या दाण्यांत टाचणीच्या टोकाएवढे डोळे दिसत होते. त्यानं बरणी दोन्ही हातांनी जपून टेबलावर ठेवली. मग म्हणाला, “हे आमी चपलेनं तुडवतो, साहेब. जाल्यातना झटकतो न् तुडवतो. आनि हे समद्यांना मीच शिकवलं.”

त्या दिवसापासून माणूस बदलला. गावाला माकुलाची वाट त्यानं दाखवली होती, तेव्हा ती बंद करायचीही त्यानंच, असं त्यानं मनाशी धरलं. दुसरा कोणी असता तर मेनन साहेबांवर ढकलून मोकळा झाला असता.

त्यानं सोसायटीची सभा बोलावली. मागणी साधी होती: नारळी पौर्णिमेला बोटी समुद्रात गेल्या की दिवाळीपर्यंत खडपाच्या आसपास कोणी जाळं टाकायचं नाही. बाकी समुद्र मोकळा. मेनन साहेबांनी बरणी दाखवली, ती हातोहात फिरली, कोणीतरी झाकण उघडून वास घेतला. मग एकेक जण उठला. आपण सोडलं तर शेजारच्या गावचे येऊन ओढून नेतील. दर्या काय आटणार आहे? बँकेचे हप्ते दिवाळीपर्यंत थांबणार आहेत का? नाखव्याचं काय जातंय, त्याची कमाई झाली. हे शेवटचं त्याला लागलं. ‘मी चाललो’ म्हणाला आणि त्या दिवशी खरंच निघून गेला. सभा संपेपर्यंत लोक दाराकडे बघत होते, आता येईल म्हणून.

पुढच्या नारळी पौर्णिमेला जे झालं ते मी पाहिलं, पण पायरीवरून. आमच्या घरानं देवधर्म, नवससायास बाबासाहेबांच्या शब्दावर सोडलेले. मी गावदेवीच्या देवळात जात नसे आणि कोणी मला आग्रहही करत नसे. चपला राखायला बसते म्हणायचे नि बाहेर बसायचे. आत सगळं गाव होतं. बायका मोत्याच्या नथी घालून, पुरुष नव्या टोप्या घालून. दर्याला नारळ द्यायला निघण्याआधी देवीपुढे गाऱ्हाणं घालतात, तेवढ्यात हिराजी पुढे झाला. देवळात फक्त सणाला येणारा माणूस तो. त्याचा आवाज मला पायरीवर स्वच्छ ऐकू आला.

“आई, यंदा माकूल कमी परलं. आमची जाली भर. तू जाली भरशील तवर आमी तुजं खडप सोरलं. दिवालीपरतेन तिकरं जालं टाकनार नाय. भरलीस की वटी भरू, गावजेवन घालू.”

देवीपुढे बोललेला नवस तो. नको कोण म्हणणार? एक म्हातारी ‘आई पाव गं’ म्हणाली आणि मग सगळेच म्हणाले. शेजारच्या गावांनीही ते पाळलं, कारण देवी तीच आणि त्यांच्या लेकी इथेच दिलेल्या. सभेत जे जमलं नाही ते घटकाभरात जमलं.

दुसऱ्या दिवशी तो ऑफिसात आला, दार लावून घेतलं, खिडक्या लावून घेतल्या आणि मग बोलला. त्याला हे कोणाला तरी सांगायचं होतं, आणि गावात ऐकून न दचकणारी मी एकटीच होते. “मिटिंगीन कोन ऐकत नाय, बाय. देवलान ऐकतान. मग देवलान सांगितलं.” मी विचारलं, तुझा विश्वास आहे का? तो पंख्याच्या दोरीला गाठ मारत राहिला. मग म्हणाला, देवीवर आहे, पण माकलाचं काम तिचं नाही, ते खडपाचं आहे.

त्याच्या बायकोला, पारूबायला, हे पटलेलं नव्हतं. ती बाजारात मासळी विकणारी, भावाची नि माणसाची पारख असलेली बाई. ती माझ्यासमोरच त्याला म्हणाली, “नवसासाठी पायातली चप्पल सोरतान ना, ती नवस फिटल्यावर परत घालतान. तुला ठाव हाय ना?” तो म्हणाला, तेव्हाचं तेव्हा बघू.

पहिलं वर्ष तंगीचं गेलं. खडप सोडून लांब जायचं तर डिझेल जास्त, माल कमी. कुरकुर सुरू झाली. गजा नावाचा एक तरणा नाखवा होता, त्यानं एका पहाटे खडपावर जाळं फिरवलंच. परत येताना त्याच्या बोटीचं इंजिन बसलं आणि दुसऱ्या बोटीनं ओढत आणावी लागली. गजा बंदरावर उतरला तो ओल्या कपड्यांनी थेट देवळात, नारळ घेऊन. गावात एकच बोलणं: आईचा कोप झाला. आता गजाच्या इंजिनाबद्दल मेकॅनिकनं शिमग्यातच सांगून ठेवलं होतं की हे चालणार नाही. ते नाखव्याला माहीत होतं आणि मलाही. मी म्हटलं, सांग ना लोकांना. ‘मना काय, मी चाललो,’ म्हणून तो उठला. दुसऱ्या दिवशी म्हणाला, देवी काम करतेय तर मी मधे कशाला पडू?

मला वाटतं, चूक तिथे झाली. नवसापर्यंत ती एक युक्ती होती आणि तिच्यामागचं कारण निदान काही लोकांना आठवत होतं; बरणी हातात घेतलेली माणसं होती. गजाचं इंजिन बसलं आणि ते कारण मागे पडलं. उरली ती देवीची भीती. पोरं खडपाच्या बाजूला बोट दाखवायलाही घाबरायला लागली, आणि नाखवा खूश होता. त्याला वाटत होतं, गाव समजुतीनं वागायला लागलंय.

त्यानंतर एक बरं वर्ष गेलं, आणि त्याच्या पुढच्या वर्षी माकूल आलं. दिवाळीनंतर असं आलं की म्हाताऱ्या माणसांनीही तसं पाहिलं नव्हतं. बोटी पाण्यात खोल बसून येत होत्या. बर्फ कमी पडला, तर मी मालाडपासून फोन फिरवून बर्फ मिळवला. साफ करणाऱ्या बायकांचे हात कोपरापर्यंत काळे, शाळेतल्या पोरांच्या शर्टांवर शाईचे डाग. मास्तर बिचारे दऊत सांडली समजून ओरडत. कंपनीच्या गाड्यांची रांग पार पेट्रोल पंपापर्यंत जायची. घराघरात रंगीत टीव्ही आले. मेनन साहेब फूटपट्टी घेऊन आले आणि मोजताना त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. रात्री ते नाखव्याकडे जेवले. लोकांना कसं पटवलंस, असं त्यांनी विचारलं, तर नाखवा म्हणाला, समजावलं. पारूबायनं ताटावरून मान वर केली नाही.

मग पारूबाय म्हणाली होती तेच झालं. देवळातल्या वडीलधाऱ्यांनी ठरवलं की नवस फळला, तो आता फेडायला हवा.

नाखव्यानं टाळायचा प्रयत्न केला. पुढच्या वर्षी फेडू म्हणाला. पण फळलेला नवस अंगावर ठेवायला कोण तयार होईल? कोणाच्या तरी नातवाला ताप आला, तर त्याचंही खापर याच्यावर फुटलं. शेवटी माघ महिन्यात तारीख निघाली. बेंजो पार्टी आली, पालखी निघाली, देवीला जरीची साडी, गावाला जेवण. नवस बोलणारा हिराजी, तेव्हा मान त्याचा. त्याच्या डोक्यावर फेटा बांधला आणि ओटीचं ताट हातात देऊन त्याला पालखीपुढे चालवलं. बाजूला पारूबाय, नवी साडी नेसून, तोंड घट्ट मिटून.

मी पायरीवरच होते. आत वडीलधाऱ्यानं सगळ्यांच्या वतीनं म्हटलं की आई, तू दिलंस, आम्ही फेडलं, सोडलेलं खडप आता परत धरतो, राग मानू नकोस. नारळ फुटला. मला नाखव्याची पाठ दिसत होती. वाटत होतं, आता बोलेल. तो बोलला नाही. ताट देवीपुढे ठेवून बाहेर आला, फेटा जरा तिरका झालेला, आणि माझ्याकडे एकदा बघून पुढे गेला. मला त्याची दयाही आली आणि रागही. बोलला असता तर तीन वर्षांचं सगळं खोटं पडलं असतं, हे खरं. पण फेटा, बेंजो, सगळं गाव आपल्यामागून चालतंय, हे त्याला आवडलंही असेल. मी काही त्याला संत करायला बसलेली नाही.

नारळी पौर्णिमेला तो पुन्हा नवस बोलायला उठला. तीच म्हातारी, जी पहिल्या वेळी ‘आई पाव गं’ म्हणाली होती, तिनं त्याचा हात धरला. आईनं पदर भरून दिलंय आणि लगेच पुन्हा हात पसरतोस, म्हणाली. हाव बरी नाही. बाकीच्यांनीही माना डोलावल्या. त्यांचंही चुकलं असं मला म्हणवत नाही. काही कमी नसताना देवीला कोण साकडं घालतं? दुपारी दर्याला सोन्याचा नारळ दिला, आणि बोटी सुटल्या त्या सरळ खडपावर. तीन वर्षं राखलेली जागा. जाळी भरून आली, आणि त्यांना ते पांढरे गजरे गुंतलेले. खलाशी ते बंदरावर झटकत होते. उन्हात ते विरघळायचे, त्यांचा चिकट थर व्हायचा, आणि त्यावरून पाय सावरत मी ऑफिसात जायची. नाखवा घरोघर फिरला. लोकांनी त्याला चहा दिला, माकूल नाखव्यामुळे गावाचं भलं झालं म्हणाले, आणि दुसऱ्या दिवशी खडपावर गेले.

पुढच्या वर्षी माकूल कमी आलं. त्याच्या पुढच्या वर्षी एजंट बंदरात थांबेनासा झाला. मेनन साहेबांची बदली कोचीला झाली. जाताना ते नाखव्याला एवढंच म्हणाले की बियाणंच खाल्लं. ऑफिसात तो यायचा, पण दोऱ्यांना गाठी मारायचं बंद झालं होतं. माझ्या पिशवीचे बंद सुटे राहायला लागले आणि मला ते आवडत नव्हतं.

मग गावाला आठवलं की आपण एकदा नवस केला होता आणि आई पावली होती. देवळाच्या अंगणात सगळे जमले. मी सोसायटीची म्हणून मलाही बोलावलं होतं. या खेपेला काय बोलायचं यावर चर्चा होती. कोणी खडपाचं नाव काढलं, पण गजानं हिशेबी माणसासारखं सांगितलं की आता खडप सोडणं परवडणार नाही, माकूल आधीच कमी आहे; त्यापेक्षा आईला चांदीचा मुकुट बोलू. घरटी वर्गणी काढू. ते सगळ्यांना पटलं. कुणाच्या मनात पाप नव्हतं हो. अडचणीत होती माणसं, आणि असेल नसेल ते मोडून देवीला मुकुट द्यायला निघाली होती.

नाखवा उठला. सत्तरीला टेकलेला माणूस, पण आवाज तोच.

“मुकुट नको न् काय नको. देवी नाय पावली तवा. मी खोटं बोललो तुमच्याशी. खडप सोरलं म्हनून माकूल आयलं. तेवरंच. परत सोरा, परत येल.”

मग ती म्हातारी म्हणाली, “नाखवा, आईचं देनं सोताच्या नावावर लावतोस?”

तो समजावायला लागला. बरणीचं सांगितलं, मेनन साहेबांचं सांगितलं. त्यात गजा मधेच म्हणाला, देवी नव्हती तर माझं इंजिन कोणी मोडलं, तू? तुझं इंजिन शिमग्यापासून मोडलेलं होतं, असं नाखवा म्हणाला, आणि लोक हसले. गजाला आपली थट्टा झाली असं वाटलं, बाकीच्यांना म्हातारा चळला असं वाटलं. शेवटी त्यानं माझ्याकडे हात केला, या बायला विचारा, हिला मी त्याच वेळी सांगितलं होतं. मी उभी राहिले आणि खरं आहे म्हणाले. त्यानं मला काय सांगितलं होतं, कधी सांगितलं होतं, सगळं बोलले. लोकांनी शांतपणे ऐकून घेतलं. मग एक जण अगदी सौम्यपणे म्हणाला, “कांबलेबाय, तुमी चांगल्या हाव. पन तुमी देव कुटं मानता?”

माझी साक्ष तिथे संपली. इतकं खरं मी आयुष्यात कुठे बोलले नसेन, आणि खरं बोलण्याचा इतका कमी उपयोगही कधी झाला नसेल. देवीचा अपमान केला म्हणून नाखव्यानं पाच नारळ वाहावेत असं ठरलं. तो वाहीना. पारूबायनं त्याच्या वतीनं वाहिले आणि देवीपुढे नाक घासलं. घरी जाताना ती मला म्हणाली, बाय, माझा माणूस पहिल्यांदा खोटं बोलला तेव्हा सगळ्यांनी ऐकलं, आणि खरं बोलायला लागला तर कोणी ऐकत नाही. एवढं बोलून ती मासळीची पाटी उचलून चालायला लागली.

श्रावणात देवीला मुकुट चढला. त्याच सुमारास मला मुलुंडच्या एका बँकेत नोकरी लागली. सोसायटीतला माझा शेवटचा आठवडा नारळी पौर्णिमेनंतरचा. मी निरोप घ्यायला नाखव्याकडे गेले तर पारूबाय म्हणाली, तो समुद्रावर आहे. पौर्णिमेपासून रोज जातो, पहाटे निघतो. ट्रॉलर त्यानं मुलांना दिला होता. हा जुन्या वल्ह्याच्या होडीतून जायचा, जाळं न घेता. तिनं माझ्या हातात डबा दिला. तिचा पुतण्या छोट्या मशीनच्या होडीतून ट्रॉलरांना बर्फ पोचवायला निघाला होता, त्याच्याबरोबर जा आणि दे म्हणाली. इतकी वर्षं बंदरावर काढून मी कधी होडीत बसले नव्हते. दोन्ही हातांनी काठ धरून, डबा मांडीत घेऊन गेले.

तो खडपावर होता. होडी नांगरून मधोमध बसला होता. चारी बाजूंनी ट्रॉलर फिरत होते, त्याच्यापासून थोडं अंतर राखून. नाखव्याच्या होडीखालून जाळं ओढायचं नाही, एवढा मान गाव अजून देत होतं. म्हणजे त्या एवढ्याशा होडीखाली जेवढं खडप होतं तेवढं सुटलं होतं. मी डबा दिला. बँकेचं सांगितलं. चांगलं झालं म्हणाला, मुलुंडला वास नाय यायचा तुला. मला काहीतरी बोलायचं होतं. मी म्हटलं, घरी चल नाखवा, ऊन लागेल. तो म्हणाला, “दिवालीपरतेन बोललो हाय ना मी.” मी विचारलं, कोणाला? त्यानं होडीच्या काठावरून खाली पाण्याकडे बोट दाखवलं.

पुतण्याला घाई होती, बर्फ वितळत होता. आम्ही वळलो. मी मागे बघत होते. एक मोठा ट्रॉलर सरळ नाखव्याच्या दिशेनं येत होता. नाखवा होडीत उभा राहिला, तोल सांभाळला आणि तळवा पुढे करून हात वर केला, थांब म्हणून. ट्रॉलरच्या टोकाला उभ्या असलेल्या खलाशानं त्याला पाहिलं. त्यानंही हसून हात वर केला, ट्रॉलर जरासा बाजूनं घेतला, आणि मागून जाळं पाण्यात सोडलं.